हवेंतील निळी प्रभा

उन्हाळ्याची रात्र आहे, जेवणें आटोपून घरांतील मंडळी अंगणांत येऊन बसली आहे, आजोबा सुपारी कातरीत आहेत आणि मुलें चांदण्या मोजण्यांत दंग झालीं आहेत, असें चित्र वाचकांनीं क्षणभर डोळ्यांपुढें आणावें. अशा वेळीं कोणी म्हणाला कीं, ज्या काळ्याभोर आकाशाकडे आपण सर्व पाहात आहों, त्यांत या घटकेस निळसर प्रकाशाच्या चमकांमागून चमका उमटत आहेत व विझत आहेत, आणि आपणांपैकीं एकासही त्या दिसत नाहींत, तर मुलें हंसूं लागतील आणि आजोबा अडकित्ता खालीं ठेवून बोलणाराकडे निरखून पाहतील. तथापि ही गोष्ट अक्षरशः खरी आहे. ती प्रत्येक गांवावर आणि प्रत्येक घराच्या छपरावर, रात्रीं आणि दिवसाही, अखंड घडत आहे. सेकंदाचे शंभर कोटि भाग केले तर त्यांतील चार-पांच भाग एवढेंच अशा एका चमकेचें आयुष्य. पापणी एकदां लवण्यास जो वेळ लागतो, त्यांत अशा कोट्यवधि चमका एकीपुढें एक मांडतां येतील.

ही क्षणजीवी प्रभा टिपण्यासाठीं आपल्या देशांतील शास्त्रज्ञांनीं लडाखमधील हान्ले या गांवाजवळ, समुद्रसपाटीपासून ४२७० मीटर उंचीवर, २१ मीटर व्यासाची एक प्रचंड दुर्बीण उभी केली आहे. जी वस्तु सर्वांच्याच डोक्यावर पडते ती पाहण्यासाठीं इतक्या उंच, इतक्या ओसाड आणि इतक्या थंड ठिकाणीं जाण्याचें कारण काय, हें सांगणें हाच या लेखाचा हेतु आहे.

अदृश्य पाऊस

या कथेचा आरंभ एका क्षुल्लक वाटणाऱ्या कोड्यापासून झाला. विद्युद्दर्शक नांवाचें एक साधें उपकरण असतें. त्यांत सोन्याच्या वर्खाचीं दोन पातळ पानें टांगलेलीं असतात. त्यांस विजेचा भार दिला म्हणजे तीं एकमेकांपासून दूर सरतात, आणि भार निघून गेला कीं पुन्हां मिटतात. विसाव्या शतकाच्या आरंभीं असें दिसून आलें कीं, उपकरण कितीही बंदोबस्तानें ठेवलें तरी त्यांतील भार हळूहळू गळून जातोच. भूमींतील रेडियमसारखीं द्रव्यें जे किरण बाहेर टाकतात त्यांचा हा प्रताप असावा, असा तर्क होता. तसें असेल तर जमीन सोडून जसजसें वर जावें तसतशी ही गळती कमी व्हावयास पाहिजे. ऑस्ट्रियाचा शास्त्रज्ञ व्हिक्टर हेस याने ही परीक्षा स्वतः करण्याचें ठरविलें. ७ ऑगस्ट १९१२ रोजीं तो आपलीं उपकरणें घेऊन बलूनमधून ५००० मीटरांहूनही वर गेला. आणि तेथें त्यास आढळलें तें अगदीं उलट. गळती कमी झाली नव्हती, ती पुष्कळच वाढली होती. किरण भूमींतून वर येत नव्हते. ते आकाशांतून खालीं येत होते. या शोधाबद्दल १९३६ सालीं हेसला नोबेल पारितोषिक मिळालें, आणि त्या किरणांना विश्वकिरण हें नांव रूढ झालें.

हे किरण म्हणजे वस्तुतः बहुतांशीं अणूंचे गर्भ होत. त्यांतही हायड्रोजनचा गर्भ, म्हणजे प्रोटॉन, हाच अधिक. ते अंतराळांतून प्रचंड वेगानें येतात आणि हवेच्या वरच्या थरांत एखाद्या अणूवर आदळून फुटतात. त्यांचे वंशज असे जे कण जमिनीपर्यंत पोहोंचतात, त्यांतील एखाददुसरा दर सेकंदास आपल्या उघड्या तळहातांतून आरपार जात असतो. हें वाक्य वाचून होईपर्यंत वाचकांच्या हातांतून असे कांहीं कण निघूनही गेले असतील.

१९३८ सालीं फ्रान्सचा शास्त्रज्ञ प्येर ओझे याने आल्प्स पर्वतांतील युंगफ्राऊयोख या सुमारें ३५०० मीटर उंचीच्या खिंडींत कणमापकें एकमेकांपासून दूरदूर मांडून ठेवलीं. शेंकडों मीटरांचें अंतर असूनही त्यांत एकाच क्षणीं ठोके पडत. याचा अर्थ असा कीं, कण एकटा येत नाहीं. एका मूळ कणापासून निपजलेला कणांचा सबंध लोंढा एकदम खालीं येतो. यालाच कणवर्षाव म्हणतात.

एका कणाचे लक्षावधि कण कसे होतात, याचें गणित त्याच्या आदल्याच वर्षीं, १९३७ सालीं, मुंबईंत जन्मलेले आपले होमी भाभा आणि त्यांचे सहकारी हाइटलर यांनीं इंग्लंडांत असतां मांडलें होतें. तें गणित कठीण असलें तरी त्यांतील मर्म आपल्या एकत्र कुटुंबांतील कोणासही समजण्यासारखें आहे. घराण्याचा एखादा मूळपुरुष मोठी इस्टेट मिळवितो. ती दोघां मुलांत वांटली जाते. त्या दोघांचीं मुलें पुन्हां वांटणी करतात. दर पिढीस माणसें दुप्पट होतात आणि वांटा निम्मा होतो. शेवटीं अशी एक पिढी येते कीं, तिच्या वांट्यास आलेल्या तुकड्यावर एकाचाही निर्वाह होत नाहीं, आणि घराणें मोडतें. कणवर्षावाची गत हीच आहे. अतिशक्तिमान् असा गॅमा किरणाचा एक कण हवेंत शिरतो व एक इलेक्ट्रॉन आणि एक पॉझिट्रॉन अशी जोडी निर्माण करून आपण नाहींसा होतो. त्या दोघांपासून पुन्हां गॅमा कण निघतात, त्यांपासून पुन्हां जोड्या. भूमीपासून आठदहा किलोमीटर उंचीवर हा वंश भरभराटीस येतो. पुढें मात्र प्रत्येकाचा वांटा इतका अल्प होतो कीं, नवीन संतति निपजण्याचें सामर्थ्यच उरत नाहीं. आपल्या डोक्यावरील हवेचें ओझें दहा मीटर खोल पाण्याच्या ओझ्याइतकें आहे. तेवढी जाड भिंत भेदून खालीं येण्यापूर्वींच बहुतेक वर्षाव हवेंतच जिरून जातात.

मग जें हवेंत जिरलें त्याचा माग जमिनीवरून काढावयाचा कसा? त्याचें उत्तर त्या निळ्या प्रभेंत आहे.

प्रकाशालाही मागें टाकणारे कण

प्रकाशाहून अधिक वेगानें कोणतीही वस्तु जाऊं शकत नाहीं, हा आइन्स्टाइनचा सिद्धांत आतां शाळेंतील मुलांनाही ठाऊक आहे. परंतु त्यांत जो वेग सांगितला आहे तो निर्वात पोकळींतील प्रकाशाचा. पाण्यांत शिरल्यावर प्रकाशाचा वेग तीनचतुर्थांश होतो. हवेंतही तो किंचित् मंदावतो; सेकंदास तीन लक्ष किलोमीटरांमधून सुमारें ९० किलोमीटर कमी होतात, एवढाच काय तो फरक. हा फरक नगण्य वाटतो खरा; पण कणवर्षावांतील इलेक्ट्रॉन पोकळींतील प्रकाशाच्या वेगाच्या इतका जवळ असतो कीं, तो या नव्वद किलोमीटरांच्या फटींतून पुढें निसटतो आणि हवेंतील प्रकाशाला मागें टाकतो.

असें झालें म्हणजे काय होतें, हें नदीवर पाहावें. होडी संथ चालली असतां तिच्या हालचालीनें उठलेले तरंग तिच्या पुढें पळतात आणि विरून जातात. परंतु होडीचा वेग तरंगांच्या वेगाहून अधिक झाला कीं, तरंग तिच्या मागें पडून एकमेकांत मिसळतात आणि होडीच्या टोंकापासून दोहों बाजूंस पाचरीच्या आकाराची एक ठळक लाट पसरत जाते. प्रकाशाहून वेगवान् असा विद्युद्भारित कण हवेंतून वा पाण्यांतून जाऊं लागला म्हणजे त्याच्या मागेंही अशीच लाट उठते. मात्र ती पाण्याची नसून प्रकाशाची असते. तिचा रंग निळा, आणि तीत डोळ्यांना न दिसणाऱ्या जंबुपार किरणांचाही मोठा भाग असतो.

या प्रकाशाचा पद्धतशीर अभ्यास प्रथम केला तो रशियांतील पाव्हेल चेरेन्कॉव्ह या तरुण संशोधकानें. आपले गुरु वाव्हिलॉव्ह यांच्या देखरेखीखालीं रेडियमचे किरण निरनिराळ्या द्रवांवर सोडून त्यांतून निघणारी मंद प्रभा तो तपाशीत असे. ती इतकी मंद होती कीं, डोळे सरावावेत म्हणून त्यास प्रयोगापूर्वीं तासभर गडद काळोखांत नुसतें बसून राहावें लागे. द्रव कितीही शुद्ध केला तरी निळी छटा नाहींशी होत नाहीं, हें त्यानें १९३४ सालीं प्रसिद्ध केलें. तिचा उलगडा १९३७ सालीं फ्रॅंक आणि टाम या दोघांनीं केला, आणि १९५८ सालीं तिघांनाही मिळून नोबेल पारितोषिक देण्यांत आलें; वाव्हिलॉव्ह मात्र तोंपर्यंत हयात नव्हते. मुंबईजवळ तुर्भें येथें १९५६ सालीं सुरू झालेल्या 'अप्सरा' या अणुभट्टीच्या जलकुंडांत जी मोहक निळी आभा दिसत असे, ती हीच.

केराचा डबा आणि आरसा

पाण्यांत दिसणारी ही आभा हवेंतही असली पाहिजे, हें १९४८ सालीं इंग्लंडच्या पॅट्रिक ब्लॅकेट यांनीं दाखवून दिलें. चंद्र नसलेल्या रात्रीं आकाशांतून जो अंधुक उजेड येतो, त्याचा सुमारें दहाहजारावा हिस्सा विश्वकिरणांच्या या प्रभेचा असावा, असा त्यांचा हिशेब होता. दहा हजारांत एक! इतक्या अल्प वस्तूचा शोध घेण्याची उमेद कोणास व्हावी?

ती उमेद गॅलब्रेथ आणि जेली या दोघां तरुणांना झाली. रात्रीच्या आकाशाचा उजेड सतत झिरपत असतो, आणि ही प्रभा मात्र एका क्षणांत चमकून जाते. तेव्हां सावकाश मोजणारें उपकरण न वापरतां अतिशय चपळ उपकरण वापरलें, तर ती उजेडांतून वेगळी उठून दिसेल, हें त्यांनीं ओळखलें. १९५२ सालीं इंग्लंडांतील हारवेल येथें त्यांनीं एक केराचा डबा घेतला, त्याच्या तळाशीं २५ सेंटिमीटर व्यासाचा आरसा बसविला, आणि आरशाच्या केंद्राशीं एक प्रकाशगुणक नळी लावली. या नळीवर प्रकाशाचा एखादा कण पडला तरी त्यापासून विजेचा मोजतां येण्याजोगा ठोका निर्माण होतो. डबा उघड्या आकाशाखालीं ठेवून ते पाहात बसले, आणि मिनिटा-दोन मिनिटांनीं एक याप्रमाणें ठोके दिसूं लागले. शेजारीं मांडलेल्या कणमापकांतही त्याच वेळीं वर्षावाची वर्दी येत होती. अशा रीतीनें, ज्या वस्तूंत घरोघर केर सांठवितात तिच्यांतून एका नवीन ज्योतिषशास्त्राचा जन्म झाला. पुढल्याच वर्षीं हे दोघे आपली सामग्री घेऊन पिरेनीज पर्वतांतील पिक् द्यु मिदी या शिखरावर गेले. या विद्येची पाउलें पहिल्यापासूनच डोंगराकडे वळलीं होतीं, हें येथें ध्यानांत ठेवावें.

खड्यांच्या राशींतील एक तांदूळ

वर्षावाचा प्रकाश दिसला, एवढ्यानें काम संपलें नाहीं. खरें काम तेथून पुढेंच सुरू झालें. विश्वकिरण कोठून येतात, हा मूळ प्रश्न. परंतु प्रोटॉनवर विजेचा भार असतो, आणि आपल्या आकाशगंगेंत सर्वत्र चुंबकीय क्षेत्र पसरलेलें आहे. त्यांतून येतां येतां प्रोटॉन इतकीं वळणें घेतो कीं, तो ज्या दिशेनें आपल्याकडे आला तिचा आणि त्याच्या जन्मस्थानाचा कांहींच संबंध उरत नाहीं. पत्त्यावांचून आलेल्या पत्रासारखी त्याची अवस्था. गॅमा किरणाला मात्र विजेचा भार नाहीं; तो जेथून निघाला तेथून नाकासमोर सरळ येतो. म्हणून विश्वकिरणांचें माहेर शोधावयाचें तर त्याच ठिकाणीं निपजणाऱ्या गॅमा किरणांचा माग काढला पाहिजे.

अडचण अशी कीं, गॅमाचा एक वर्षाव येतो तेव्हां प्रोटॉनांचे हजारों येतात. आपल्या घरांतून तांदूळ निवडतांना शेरभर तांदळांतून पांचचार खडे काढावयाचे असतात. येथें खड्यांच्या राशींतून एक तांदूळ वेंचून काढावयाचा. याची युक्ति सांपडण्यास वीस वर्षें लागलीं. अमेरिकेंतील ऍरिझोना प्रांतांत माउंट हॉपकिन्स या डोंगरावर १९६८ सालीं १० मीटर व्यासाची आरशांची दुर्बीण उभी राहिली, आणि ट्रेव्हर वीक्स व त्यांचे सहकारी तिच्यावर वर्षानुवर्षें काम करीत राहिले. एका नळीऐवजीं अनेक नळ्यांचें जाळें बसविलें तर चमकेचें चित्रच घेतां येतें, असें त्यांच्या ध्यानीं आलें. १९८५ सालीं हिलास या शास्त्रज्ञानें दाखविलें कीं, गॅमाच्या वर्षावाचें चित्र बारीक, लांबट आणि मूळ ताऱ्याकडे रोख असलेलें असतें, तर प्रोटॉनच्या वर्षावाचें चित्र पसरट व वेडेंवांकडें असतें. हें सूप हातीं आल्यावर पाखडणें शक्य झालें. १९८९ सालीं वृषभ राशींतील खेकडा तेजोमेघाकडून येणारे गॅमा किरण या रीतीनें निःसंशय ओळखले गेले. १०५४ सालीं ज्या ताऱ्याचा स्फोट चीनमधील ज्योतिषांनीं भर दिवसा तेवीस दिवस पाहिला होता, त्याचाच हा अवशेष. त्याच्या गर्भांत सेकंदास तीस गिरक्या घेणारा एक तारा आजही आहे. त्या पहिल्या यशानंतर आकाशांत अशीं अडीचशेंहून अधिक उगमस्थानें सांपडलीं आहेत.

येथें कोणी विचारील कीं, हवा जर गॅमा किरणांना अडविते, तर हवेबाहेर कृत्रिम उपग्रह पाठवून ते थेट कां पकडूं नयेत? तसे पाठविले आहेतही. परंतु एक लक्ष कोटि इलेक्ट्रॉन-व्होल्ट आणि त्याहून अधिक शक्तीचे गॅमा कण खेकडा तेजोमेघासारख्या तेजस्वी उगमापासूनही दर चौरस मीटरला वर्षाकांठीं पांचसहाच येतात. उपग्रहावरील यंत्राचें क्षेत्रफळ तें केवढें असणार! उलटपक्षीं, वर्षावाची निळी प्रभा जमिनीवर येईपर्यंत सुमारें १२० मीटर त्रिज्येच्या वर्तुळांत पसरते. त्या वर्तुळांत कोठेंही आरसा ठेवला तरी त्यास तिचा अंश मिळतो. म्हणजे त्या एका आरशाचें राज्य ४५ हजार चौरस मीटरांवर चालतें. जी हवा किरणांना अडविते तीच आपल्या उपकरणाचा सर्वांत मोठा भाग होऊन बसते, आणि तिच्यासाठीं कोणास एक पैसाही द्यावा लागत नाहीं.

उदकमंडलापासून हान्लेपर्यंत

आपल्या देशांत ही विद्या फार लवकर आली. भाभा यांनीं १९४५ सालीं स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या मंडळींनीं १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस निलगिरीवरील उदकमंडल येथें आरसे मांडून या प्रकाशाचे वेध घेण्यास आरंभ केला. पुढें ढगांचा उपद्रव कमी असलेली जागा म्हणून सातपुड्यांतील पचमढी निवडली गेली. तेथें पंचवीस दुर्बिणींचा मेळावा उभा राहिला. तुर्भें येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनीं प्रथम काश्मीरांतील गुलमर्ग येथें आणि नंतर अबूच्या पहाडावर आपली दुर्बीण थाटली. अबूची उंची १३०० मीटर, पचमढीची १०७५. तेथें काम चांगलें झालें, परंतु एक मर्यादा राहिली. शक्तिमान् कणांच्या ठळक चमका तेवढ्या दिसत. ज्यांची शक्ति कमी अशा कणांची प्रभा खालीं येईतों इतकी विरळ होई कीं, ती रात्रीच्या उजेडांत बुडून जाई.

उंचीचें महत्त्व येथें आहे. चूड हातांत धरून जमिनीकडे वांकलें तर उजेडाचें वर्तुळ लहान पण लख्ख पडतें, आणि हात वर नेला तर तें मोठें पण फिकट होतें. वर्षावाची चूड आठदहा किलोमीटर उंचीवर पेटते. ती कांहीं आपल्याला खालीं आणतां येत नाहीं, पण आपण तिच्याजवळ जाऊं शकतों. हान्ले येथें प्रभेच्या मध्यभागीं प्रकाशकणांची दाटी समुद्रसपाटीवरील दाटीच्या चौपट-पांचपट असते. शिवाय धूळ, धुकें आणि बाष्प यांनीं भरलेला हवेचा जो खालचा थर निळा प्रकाश गिळून टाकतो, तो पायांखालीं राहतो. तेथें पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाकांठीं दहा सेंटिमीटरही पडत नाहीं, त्यामुळें निरभ्र रात्रीही पुष्कळ मिळतात.

या हिशेबानें भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि टाटा संस्था यांनीं मिळून हान्ले येथें सात दुर्बिणींचा एक संच उभारला. सहा दुर्बिणी षट्कोनाच्या कोपऱ्यांवर, एक मध्यें, आणि परस्परांत पन्नास मीटरांचें अंतर, अशी त्याची मांडणी. २००८ सालापासून तो संपूर्ण रूपानें वेध घेऊं लागला. त्यानंतर भाभा केंद्रानें आपली मोठी दुर्बीण हातीं घेतली. 'मेस' या नांवानें ती ओळखली जाते. तिचे निरनिराळे भाग प्रथम हैदराबाद येथें जुळवून पाहिले, मग सुटे करून घाटांतून लडाखांत नेले आणि लेहपासून सुमारें २५० किलोमीटरांवर, सिंधूच्या पलीकडील पठारावर पुन्हां जोडले. तिच्यांत १४२४ आरसे आहेत. ते कांचेचे नसून हिऱ्याच्या हत्यारानें झिलई दिलेल्या अल्युमिनियमचे आहेत. केंद्राशीं असलेल्या कॅमेऱ्यांत १०८८ प्रकाशगुणक नळ्या आहेत. सर्व मिळून सुमारें १८० टन वजनाचें हें धूड सहा चाकांवर, गोल रुळांवरून फिरतें. तिला घुमट नाहीं. वारा, हिम आणि ऊन अंगावर घेत ती उघड्यावर उभी असते. ४ ऑक्टोबर १९२४ या दिवशीं नव्हे, तर बरोबर एका शतकानंतर, ४ ऑक्टोबर २०२४ रोजीं, तिचें विधिपूर्वक उद्घाटन झालें. आशियांतील आपल्या जातीची ती सर्वांत मोठी, आणि अशा मोठ्या दुर्बिणींमध्यें जगांत सर्वांत उंचावरील आहे.

इतक्या उंचीचें मोलही द्यावें लागतें. तेथें हवेचा दाब समुद्रकांठच्या दाबाच्या सहादशांशापेक्षां अधिक नसतो. चार पायऱ्या चढलें तरी छाती भरून येते. हिंवाळ्यांत पारा शून्याखालीं वीस-पंचवीस अंश उतरतो. यंत्रांचीही तीच दशा. विरळ हवेंत त्यांची उष्णता बाहेर टाकली जात नाहीं. परंतु या कष्टांच्या मोबदल्यांत सुमारें तीन हजार कोटि इलेक्ट्रॉन-व्होल्ट शक्तीचे, म्हणजे पूर्वीं अबूला दिसत होते त्यांच्याहून कितीतरी मंद असे कण दृष्टिपथांत येतात. याला विशेष महत्त्व असण्याचें कारण असें कीं, फार दूरच्या दीर्घिकांतून निघालेले अतिशक्तिमान् किरण वाटेंतच अंतराळांतील प्रकाशाशीं टक्कर होऊन नष्ट होतात. मंद शक्तीचे तेवढे शाबूत येतात. म्हणून जो मंद कण पाहूं शकतो, तोच फार दूरचें पाहूं शकतो. शिवाय युरोप-आफ्रिकेंतील दुर्बिणींवर दिवस असतो आणि अमेरिकेंतील दुर्बिणींवरही रात्र झालेली नसते, अशा कांहीं घटका असतात; त्या वेळीं आकाशांत एखादा भडका उडाला तर त्यावर नजर ठेवण्याचें काम हान्लेकडे येतें.

काळोखाचें मोल

'या सर्व खटाटोपाचा उपयोग काय?' असा प्रश्न घरांतील वडील मंडळी विचारतील, आणि तो विचारणें योग्यच आहे. त्याचें एक उत्तर असें. १९३२ सालीं विश्वकिरणांच्या छायाचित्रांत अँडरसन या शास्त्रज्ञाला पॉझिट्रॉन सांपडला. त्या वेळीं त्याचा व्यवहारांत कांहीं उपयोग होईल, असें कोणासही सांगतां आलें नसतें. आज त्याच कणाच्या साहाय्यानें इस्पितळांत अर्बुदाचें निदान होतें, आणि आपल्या नात्यागोत्यांतील एखाद्या रोग्याचा जीव त्यामुळें वांचलेला असतो. परंतु माझ्या मतें हें उत्तर पुरें नव्हे. हेस बलूनमध्यें बसला त्यास एक शतकाहून अधिक काळ लोटला, तरी सर्वांत शक्तिमान् विश्वकिरण नेमके कोणत्या भट्टींत तयार होतात, हें आजही पूर्णपणें उलगडलेलें नाहीं. चीनमधील दाओचेंग येथें ४४१० मीटर उंचीवर असलेल्या वेधशाळेनें २०२१ सालीं आपल्या आकाशगंगेंत अशा बारा जागा दाखविल्या. त्यांतील बहुतेकांचें स्वरूप अजून वादग्रस्त आहे. जें दररोज आपल्या अंगांतून आरपार जातें तें कोठून येतें, हें जाणण्याची इच्छा होणें, यांत मनुष्याचें मनुष्यपण आहे.

या कामीं लागणारी सर्वांत दुर्मिळ वस्तु कोणती, असें विचारलें तर ती आरसा नव्हे कीं नळी नव्हे. ती म्हणजे काळोख. ज्या प्रभेचा वांटा चंद्रहीन रात्रीच्या उजेडांतही दहा हजारांत एक, ती एखाद्या शहराच्या झगमगाटांत कशी टिकावी? हें ओळखून डिसेंबर २०२२ मध्यें हान्लेभोंवतालचा सुमारें १०७३ चौरस किलोमीटरांचा टापू काळोखाचें अभयारण्य म्हणून जाहीर करण्यांत आला. तेथील गांवकऱ्यांनीं खिडक्यांना जाड पडदे लावले, बाहेरच्या दिव्यांना झांकणें घातलीं. त्या गांवांतील कांहीं स्त्रीपुरुषांना दुर्बिणी देऊन शिकविण्यांत आलें असून, येणाऱ्या प्रवाशांना तीं आतां ग्रहतारे दाखवितात. हिंवाळा काढण्याची ज्यांना दरवर्षीं चिंता, अशीं हीं दुर्गम प्रदेशांतील माणसें साऱ्या जगासाठीं काळोख राखीत आहेत. आणि आपण मुंबई-पुण्याकडील शिकलेलीं माणसें मात्र रात्रभर गच्चीवर आणि फाटकाशीं निष्कारण दिवे जाळून, ज्या आकाशगंगेची ओळख आपल्या आजोबांना उघड्या अंगणांत झाली, ती आपल्या नातवंडांच्या दृष्टीआड करून बसलों आहों. हें दुःख केवळ शास्त्रज्ञांचें नव्हे.

हान्लेची दुर्बीण आपल्या अंगणांत आणतां येणार नाहीं, आणि ती निळी प्रभाही डोळ्यांना दिसणार नाहीं. परंतु आज रात्रीं जेवणें झाल्यावर अंगणांतील दिवा घटकाभर मालवावा, आणि मुलांना जवळ घेऊन वर पाहावें. चेरेन्कॉव्हला तासभर बसावें लागे. आपणांस दहा-पंधरा मिनिटें पुरतील. हळूहळू एकेक चांदणी उमलूं लागेल. मग मुलांना सांगावें कीं, या चांदण्यांच्या मधल्या काळ्या जागा रिकाम्या नाहींत. तेथें या क्षणीं कोट्यवधि वर्षांचा प्रवास संपवून एक कण आपल्या हवेंत शिरत आहे, त्याची इस्टेट लक्षावधि वारसांत वांटली जात आहे, आणि निळा उजेड होऊन ती आपल्या घरावर पडत आहे.